उसाच्या कडेचं वाचन
पळणारी मंडळी एकत्र आली की आधी बुटांवर बोलतात, मग गुडघ्यांवर; पुस्तकांची पाळी चहासोबत येते. मुराकामीचं पळण्यावरचं आत्मकथन निघतं, मॅकडुगलचं ‘बॉर्न टू रन’ (२००९) तर हमखास. त्यातले मेक्सिकोच्या दऱ्यांत पातळ चपलांवर पळणारे ताराहुमारा सगळ्यांनाच आवडतात. मला विचाराल तर शिवनेरी चढणाऱ्यानं आधी गोनीदांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचावी. तिथं घड्याळाला कुणी विचारत नाही. आणि जुन्नर-आंबेगावात पहाटे उसाच्या कडेनं पळायचं असेल, तर कॉर्बेटचा रुद्रप्रयागचा बिबट्या. तिथल्या उसात बिबटे असतात; माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र उगाच नाही उभारलेलं. नीट उजाडेपर्यंत घरीच बसावं, दोन प्रकरणं आरामात होतात.