हृदयाच्या ऑपरेशननंतरचा ताप अंगावर काढू नका!

हृदयाचे ऑपरेशन म्हटले की बारामती-इंदापूरकडचा माणूस बहुधा पुण्याची वाट धरतो. २०१२ साली सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेमुळे मजुराच्या घरातही झडप बदलणे आवाक्यात आले. परंतु घरी आल्यावर छातीच्या जखमेत किंवा नव्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडले, तर वाचलेला जीव पुन्हा धोक्यात येतो.

ऑपरेशनपूर्वी तासाभरात अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात आणि साधारणतः एक-दोन दिवसांत बंद करतात. "घरी जाताना कॅप्सूल दिल्याच नाहीत," अशी नातेवाइकांची तक्रार असते. पण औषध विनाकारण लांबवले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

खरी चूक पुढे होते. ताप आला की आपण गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो, नाहीतर मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. ताप उतरतो, माणूस कामावर जातो, आठवड्याने ताप पुन्हा येतो. झडपेवरचे जंतू मेलेले नसतात. शिवाय अर्धवट औषधामुळे ते रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत. म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे दोन-तीन नमुने कल्चरसाठी घ्यावे लागतात. कोणता जंतू आहे हे कळले की योग्य औषध ठरते. बदललेल्या झडपेवरील संसर्गात शिरेतून औषध साधारण सहा आठवडे चालते, कधी पुन्हा ऑपरेशन करावे लागते. सहा आठवड्यांचा रोजगार बुडतो हे खरे. पण उपचार अर्धवट सोडला तर माणूसच जातो. पेनिसिलिन येण्यापूर्वी या आजारातून क्वचितच कोणी वाचे. तेच पेनिसिलिन १९५५ पासून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तयार होऊ लागले, हे विसरू नये.

दातांचीही काळजी घ्या. हिरड्यांतले जंतू रक्तात शिरून झडपेवर बसतात. माताभगिनींनी मिश्री सोडून ब्रश धरावा. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना "झडप बदललेली आहे" असे आवर्जून सांगावे. आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने कोणतेही औषध घेऊ नये. काही अँटिबायोटिकमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होतो.

ताप, थंडी, जखमेतून पू किंवा छातीचे हाड हलल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी ऑपरेशनचे कागद घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला ससून आहे. योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, तो आपला हक्क आहे.

डिस्चार्ज कार्ड ट्रंकेच्या तळाशी न ठेवता घरातल्या सर्वांना दिसेल असे ठेवा. रात्री-अपरात्री तेच कामी येते.