विटांच्या घराला वाली कोण?

गेल्या मृगाच्या तोंडावर माझ्या मामेभावाचा निरोप आला : "दादा, येऊन सही करून जा. मळ्यातलं जुनं धूड एकदाचं पाडून टाकू." आईच्या माघारी त्या घरात एक हिस्सा माझा आहे, म्हणून ही सही. मी ती अजून केलेली नाही. का केली नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. मी वास्तुशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आणि चार कादंबऱ्यांचा धनी. पण ज्या घरात माझा जन्म झाला, त्याची बाजू मांडायला पदवी लागते असे मला वाटत नाही.

सोलापुरापासून तासाभराच्या वाटेवर, सीनाकाठच्या काळ्या रानात ते घर उभे आहे. जोत्यापर्यंत काळा दगड, वर वीट. बाहेरच्या अंगाला भाजलेली, आतल्या अंगाला पांढऱ्या मातीची कच्ची. भिंत चांगली दीड हात रुंद, आणि तिच्या पोटात ज्वारीचे बळद. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या, त्यांवर किलच, मग कडुनिंबाचा पाला, चिखल, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे माळवद. उजेडाला नि धुराला मधोमध एक साणे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर चढतो, तेव्हा मामेभावाच्या नव्या स्लॅबच्या घरात कूलर घरघरत असतो आणि घरची माणसे मात्र दुपारी जुन्या सोप्यात येऊन आडवी होतात. पाडायचे म्हणतात ते हेच घर!

आपल्या लोकांना जुन्याचे प्रेम नाही असे कोण म्हणेल? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. आमच्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला केंद्राचे संरक्षण आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करायला बंदी आहे. उत्तम आहे. १९५८ चा मूळ कायदा वास्तूला शंभर वर्षांचे वय नि ऐतिहासिक वा कलात्मक मोल मागतो. वय आमच्या घरापाशीही आहे. पण मोल ठरवायला सीनाकाठी येतो कोण? मुंबईत १९९५ साली वारसा-इमारतींचे नियम झाले, याद्या झाल्या. मळ्यातल्या घराच्या वाट्याला वारसाप्रेमी येतो तो लाकडाचा व्यापारी! नक्षीचे खांब आणि चौकटी गाडीत घालतो, शहरातल्या 'गावरान' हॉटेलात नेऊन उभ्या करतो, आणि मागे राहतो तो मातीचा ढिगारा. राजाने बांधले तर इतिहास, कुणब्याने बांधले तर धूड, असा आपला हिशेब.

विटेची ही विद्या काय परवाची आहे? आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे पंडित म्हणतात. माझ्या पणजोबांच्या गवंड्याने ते मंदिर पाहिले होते की नाही, देव जाणे. पण माती कोणती घ्यावी नि ती किती मळावी, हे त्याला कोणा पुस्तकाने शिकवले नव्हते.

"आणि किल्लारी?" असे मला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तो टाळणारा माणूस लबाड समजावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी शाळकरी पोर होतो. आम्ही सगळे त्याच घरातून अंगणात धावलो होतो, आणि आईने मला घट्ट धरले होते ते मला आजही आठवते. त्या पहाटे हजारो माणसे आपल्याच माळवदाखाली गाडली गेली. परंतु ती मेली कशाने? अनघड दगड मातीत रचलेल्या रुंद भिंती. दोन्ही तोंडे सांधणारा आरपार दगड नाही. आणि माळवदावर दरसाल माती टाकत टाकत चढलेला बेसुमार थर. म्हणजे वरची जुनी माती उतरवा, खांब-तुळया एकमेकांना जखडा, भिंती बांधून घ्या, हा त्यातला धडा. आपण धडा घेतला तो एवढाच की, माती वाईट!

सरकारी भाषेनेही तोच शिक्का मारला. मातीची भिंत नि मातीचे छप्पर म्हणजे 'कच्चे' घर, आणि स्लॅब म्हणजे 'पक्के'. २०१६ साली ग्रामीण घरकुलाची योजना आली तेव्हा मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्याला ते मिळालेच पाहिजेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या भिंतीने चार पिढ्या पोसल्या ती कच्ची कशी?

मला कुंपण नको, निळी पाटी नको, तिकीट तर नकोच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीसाठी प्रत्येक घर लिहिलेले असते. त्यातच अशा घरांची वेगळी नोंद करा. नव्या स्लॅबला हातभार लावता, तसा माळवद हलके करायलाही लावा. आणि पांढरी माती ओळखणारे जे थोडे म्हातारे गवंडी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली चार पोरे पगार देऊन ठेवा. घर राखायचे ते राहण्यासाठी. त्याचा देव्हारा करण्यासाठी नव्हे.

आता उरतो तो माझा स्वतःचा दोष. त्या ओसरीवर मी दोन कादंबऱ्या पोसल्या. लोकांनी वर्णनांची वाहवा केली. पण गेल्या वीस वर्षांत एकदाही मृगापूर्वी जाऊन त्या माळवदावर मी मातीचे एक घमेले टाकलेले नाही. मामेभाऊ टाकत होता, गळती काढत होता, वाळवी झाडत होता. तो दमला, आणि मी सोलापुरात बसून सही अडवून धरली आहे. हे काही संरक्षण नव्हे. हा नुसता हट्ट झाला.

म्हणून त्याला कळवले आहे : सही करणार नाही. मात्र या लेखाचे मानधन आणि माझी उन्हाळ्याची सुट्टी, दोन्ही घेऊन मेमध्ये येतो. गवंडी तेवढा सांगून ठेव.