पावसाळ्यातही कोरडंच तोंड

मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा उष्णतेपायी जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा मुलखात कुणी "तोंडाले कोरड पडते" म्हटलं, की ऐकणारा उन्हाला बोल लावतो आणि पाण्याचा गिलास पुढे करतो. उन्हाळ्यात ते चुकीचंही नसतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये मेळघाटात झड लागते, सेमाडोहला सिपना नदी दुथडी भरून वाहते, हवेत एवढा ओलावा असतो की धुतलेले कपडे वाळत नाहीत. आणि तरीही एखाद्या बाईची जीभ टाळूला चिकटलेलीच असते, घोटभर पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही. ही तहान नव्हे. रोजची कोरड तीन महिन्यांहून जास्त टिकली, तर तिचं कारण शोधलंच पाहिजे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्या लाळेत दातांची झीज भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, आंबटपणा मारणारे क्षार असतात, बुरशीला आणि जंतूंना आवर घालणारे घटक असतात. पाण्यात हे नसतं, म्हणून तांब्यावर तांबे रिचवूनही तोंडाला बरं वाटत नाही. लाळ आटली की दात हिरडीच्या कडेशी किडायला लागतात, ओठांचे कोपरे चिरतात, जिभेला तिखट सोसत नाही, कवळी जागेवर बसत नाही. जेवणाची चव गेली की म्हातारं माणूस हळूहळू ताट कमी करतं. घरचे म्हणतात, वय झालं, भूक मेली.

वयापेक्षा वयाबरोबर वाढलेल्या गोळ्यांचा दोष बहुधा जास्त असतो. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, सर्दी-खाजेची गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलीन, मानसिक आजारावरची आणि लघवी आवरण्याची काही औषधं, या सगळ्यांनी लाळ कमी होऊ शकते. दोन-तीन एकत्र आली तर जास्तच. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, मेडिकलवरून परस्पर आणलेलीसुद्धा. मात्र आपल्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करू नये. गोळी बदलणं, मात्रा कमी करणं, वेळ बदलणं, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

कोरडीबरोबर लघवी वारंवार होत असेल, वजन उतरत असेल, तर आधी साखर तपासावी. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल, सांधे दुखत असतील, तर श्योग्रेनचा आजार मनात आणावा. हेनरिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये तो सविस्तर मांडला. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, आणि रुग्णांत पुरुषांच्या मानाने बायका कितीतरी जास्त असतात. डोळ्याच्या कडेला कागदाची पट्टी पाच मिनिटं लावून अश्रू मोजता येतात. एवढी साधी चाचणी असूनही अनेक बायकांची वर्षं नुसत्या अंदाजात जातात.

आता खर्रा. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण विदर्भात टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिलेली पुडी घराघरात पोचलेली आहे. खर्रा खाणारा सांगतो, "तोंड कोरडं पडते म्हणून तर खातो, पाणी सुटते." त्याचं म्हणणं खरं आहे, आणि घात तिथेच होतो. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन लाळेच्या ग्रंथींना क्षणभर चेतवतं. पण तीच सुपारी गालाच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं कडक करत नेते. आधी तिखटाने आग होते, कोरड वाढते, मग तोंड उघडणं कमी होत जातं. पुढे त्या जागी कर्करोगाचा धोका असतो. अशा माणसाला नुसतं "सोड" म्हणून भागत नाही. त्याच्या तोंडाला ओलावा हवा आहे, तो दुसऱ्या वाटेने मिळवून द्यायला हवा.

त्या वाटा महाग नाहीत. पाणी एका दमात न पिता दिवसभर घोट-घोट घ्यावं, रात्री उशाशी ठेवावं. कोरड्या भाकरीला वरण किंवा ताकाची जोड द्यावी. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तर ग्रंथी कामाला लागतात. खडीसाखर किंवा लिंबाच्या गोळ्या चोखल्या तर लाळ नसलेल्या तोंडात दात झपाट्याने जातात. राखुंडी, मिश्री सोडून फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरावी, नंतर थुंकावं पण खळखळून धुऊ नये. अल्कोहोल असलेलं माउथवॉश टाळावं. नाक बंद राहत असेल तर त्यावर इलाज करावा, कारण रात्रभर तोंडाने श्वास घेणाऱ्याचं तोंड सकाळी वाळलेलंच असतं. यानेही भागलं नाही तर डॉक्टर कृत्रिम लाळ देतात, आणि काही रुग्णांना पायलोकार्पिनची गोळी. दम्याच्या किंवा काचबिंदूच्या रुग्णाने ते आधी सांगावं.

सेमाडोहहून परतवाडा सुमारे 50 किलोमीटर, तेही घाटातून. दातांच्या डॉक्टरसाठी मजुरी बुडवून एवढं कोण जाणार? म्हणून सुरुवात गावातच व्हायला हवी. तिशीपुढच्यांची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी होते, त्याच वेळी आशाताईंनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: तोंड रोज कोरडं राहतं का, आणि पाण्याशिवाय घास गिळता येतो का. कोरकू बोलणाऱ्या घरात ते कोरकूतच विचारले जावेत.

सगळ्यांत जास्त काळजी मला नागपूरहून डोक्या-मानेच्या कर्करोगाचा शेक घेऊन परतणाऱ्यांची वाटते. किरणांनी लाळेच्या ग्रंथी कायमच्या दुबळ्या होऊ शकतात, आणि जबड्याच्या हाडाची जखम भरण्याची ताकदही कमी होते. शेक सुरू होण्याआधीच किडलेले दात दाखवून त्यांचा निकाल लावावा. नंतर दात दुखलाच, तर गावात कुणी उपटून द्यायला तयार असलं तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावं, आणि शेक घेतल्याचा कागद सोबत ठेवावा.