दुपारी तीनचा स्वाध्याय आणि नोकरी करणारी सून



परवा मंदिरात एक वाक्य कानावर आलं. "हल्लीच्या नोकरीवाल्या सुनांना पगार कळतो, स्वाध्याय कळत नाही." बोलणाऱ्या काकू माझ्या लाडक्या आहेत, पण यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

आमच्याकडे बायकांचा स्वाध्याय असतो दुपारी तीनला. त्या वेळी शाळेतली, बँकेतली, दवाखान्यातली सून कामावर असते. वेळ अशी ठेवायची आणि वर ती येत नाही म्हणून नावं ठेवायची, हा कुठला न्याय? गृहस्थाच्या सहा आवश्यकांत स्वाध्याय आहे. तो फक्त दुपारी मोकळ्या असणाऱ्यांसाठी आहे, असं कुठे सांगितलंय?

नोकरीला मोह म्हणणाऱ्यांनी आदिनाथांची कथा आठवावी. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं त्यांनीच शिकवली, असं आपण मानतो. मुलींना त्यांनी काय दिलं? ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक. दोघी पुढे आर्यिका झाल्या. विद्या त्यांच्या वैराग्याच्या आड आली नाही. आणि परिग्रहाचंच म्हणाल, तर रात्री दहापर्यंत दुकानात बसणाऱ्या मुलाला कोणी काही विचारत नाही. त्याची कमाई कर्तबगारी आणि तिची तेवढी हाव?

पण चूक एकाच बाजूची नाही. मी स्वतः बावीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली दहा वर्षं "वेळच नाही" म्हणत सामायिक टाळलं. दोन घटका, म्हणजे जेमतेम ४८ मिनिटं. बढतीच्या परीक्षेसाठी मात्र पहाटेचे दोन तास बरोबर सापडायचे! बढती मिळाली. त्याच वर्षी लेक म्हणाली, "आई, तू घरात सारखी ओरडतेस." हुद्दा वाढला होता, क्रोध आणि मानही वाढले होते.

मग सकाळचं सामायिक ठरवलं. सासूबाईंनी कणीक मळायचं काम घेतलं, यांनी डबे भरायचं. लोक म्हणतात, "तू छान तोल सांभाळलास." मी एकटीने काही सांभाळलं नाही. घराने भार वाटून घेतला, म्हणून जमलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आठवड्यातून एक स्वाध्याय तरी रविवारी सकाळी ठेवा. सून सामायिकाला बसली की तेवढा वेळ चहा दुसऱ्या कोणी करा. आणि नोकरीवाल्या मैत्रिणींनो, वेळ बदलली की तुमची सबब संपली. मग पहिल्या रांगेत दिसा!

काकू, मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण वेळ तेवढी बदला.