मोडीतला मासा

आमच्यासारख्या शाकाहारी घरात माशांच्या चित्रांचे छापखान्यातील जुने ठसे जमविण्याचा छंद म्हणजे काहीतरी विपरीतच, असे पुष्कळांस वाटेल. परंतु वाचकहो, घरातले पंचांग जरा उघडून पाहा. बारा राशींच्या अखेरीस मीनेचे दोन मासे आहेतच. आणि दशावतारांच्या चित्रात तर पहिला मान मत्स्याचा. छापलेला मासा आपल्या देवघराशेजारी पिढ्यान्पिढ्या नांदत आला. ज्या ठशावरून तो उमटला, त्याची मात्र कोणी विचारपूस केली नाही.

गेल्या माघात पुतणीच्या लग्नाची भांडी घेण्यासाठी काकूंस घेऊन धुळ्याहून सोनगीरास गेलो होतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नाव मिळवून आहे. काकू घागरीचा नाद ऐकून पारख करीत होत्या. माझे लक्ष कोपऱ्यातील मोडीच्या ढिगाकडे गेले. त्यात तळहाताएवढा एक लाकडी ठोकळा होता. वर तांब्याचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर स्वतःएवढा मासा पाठीशी बांधून चाललेला एक कोळी!

“दादा, हे वितळवणार काय?” मी विचारले.

“नाही साहेब. वर नावाला तांबे, पोटात सारे शिसे. तांब्यात शिसे गेले की भांडे वाया. भंगारवाला आला की त्याला देणार.”

मी गप्प राहिलो. वस्तू काय आहे, हे मला कळले होते. त्याला कळले नव्हते. मोडीच्या भावाने थोडके पैसे टाकले आणि ठोकळा पिशवीत घातला.

तांबटाची परीक्षा मात्र अगदी खरी होती. मूळ ठशाचा मेणावर छाप घेत, त्यावर शिसपेन्सिलीतल्यासारखी काळी पूड चोळीत आणि तो मोरचुदाच्या पाण्यात ठेवून वीज सोडीत. त्यावर तांब्याचा पापुद्रा धरे; मागे शिशाचा रस ओतून तो लाकडावर बसवीत. एकाच चित्राच्या अशा अनेक प्रती निघत, म्हणून जाहिरातदारांना ही युक्ती फार सोयीची. याहून जुने ठसे नुसत्या लाकडाचे. इंग्लंडातील टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) हा कसबी बॉक्सवुडच्या आडव्या कापावर कोरीव काम करी. त्याला गळ टाकून बसण्याचा भारी नाद. त्यामुळे पक्ष्यांवरील त्याच्या ग्रंथातही मासे धरणारी माणसे जागोजाग भेटतात. पुढे जस्ताचे ठसे आले. आणि ऑफसेट छपाई आल्यावर हे सारेच वजनावर विकले गेले.

घरी येऊन ठशावर शाई फिरविली, पातळ कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने हलकेच घासला. कागद उचलताच काकू पुढे आल्या.

“अरे, हा तर बाटलीवरचा माणूस!”

स्कॉट्स इमल्शनच्या बाटलीवरचे हे चित्र जुन्या घरांतून कोणास ठाऊक नाही? आत कॉड माशाच्या यकृताचे तेल. त्यातील ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध १९२२ सालचा. पण मुडदुसावर त्या तेलाचा गुण लोकांस त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. काकूंच्या धाकट्या भावास मुडदूस झाला होता. वडिलांनी बाटली आणली; ती स्वयंपाकघरात न येता ओसरीच्या कोनाड्यात राहिली, चमचाही वेगळा. “आजी त्या बाटलीला कधी शिवली नाही,” काकू म्हणाल्या, “पण ती संपत आली की दुसरी आणण्याची आठवण तीच करी. भाऊ पुढे अंगणात धावू लागला.”

मग त्यांनी विचारले, “केवढ्याला घेतलास?” मी सांगितले. “आणि हे काय आहे, ते त्या तांबटाला सांगितलेस?”

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा सोनगीर गाठले. कागदावरचा छाप त्याच्यापुढे ठेवला, हौशी लोक अशा ठशाला काय देतात ते सांगितले आणि राहिलेले पैसे पुढे केले. त्याने पैशांआधी छाप हाती घेतला. मी त्याला सांगितले, की नाना फडणविसांच्या काळी इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यातील एका तांबटास अक्षरे कोरण्यास शिकविले होते, आणि त्याच उद्योगातून १८०५ साली मिरजेस ताम्रपटांवरून भगवद्गीता छापली गेली. “म्हणजे आमच्याच हातचे काम,” तो म्हणाला. पैसे त्याने मोजून घेतले आणि छाप भिंतीवर लावण्यासाठी मागितला. तो अर्थातच दिला.

हा छंद धरणाऱ्यांस दोनचार सूचना कराव्याशा वाटतात. तांबे दिसले म्हणून ठसा चिंचेने घासू नये. रेषा झिजतात आणि लाकूड फुगते. सुकलेली शाई मऊ फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन, दिव्याशेगडीपासून दूर बसून पुसावी. ठशांची तोंडे एकमेकांवर ठेवू नयेत. शिशाचे ठसे मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर असावेत. हाताळल्यावर हात धुवावेत. आणि विकणाऱ्यास वस्तूची किंमत कळत नसेल, तर ती आपण सांगावी. आमच्या कपाटात आज अकरा ठसे आहेत. पण काकू पाहुण्यांना दाखवितात तो हाच, कारण त्याची हकीकत सांगताना काही लपवावे लागत नाही.