बैलाला पोळा, आणि आपल्याला?

वर्षातला सगळ्यात लहान दिवस, 21 डिसेंबर, यंदा ताईकडं कसबा पेठेत काढला. पुण्यात तो जेमतेम 11 तासांचा. खरं उत्तरायण इथूनच, संक्रांत पुढं सरकलीय.

जिजाऊंनी शिवबांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून घेतला म्हणतात, ती हीच पेठ. नांगराच्या गावात नांगर ठेवून बसलो!

बसल्या बसल्या खरिपाची वही काढली. सोयाबीनवर दोन फवारण्या नुसत्या शेजाऱ्यानं मारल्या म्हणून मारलेल्या. शेतावर असताना हे दिसत नाही हो. लाइट रात्रीची, दोनला उठून थंडीत दारं धरायची, मग दिवसभर डोकं बधिर.

पोळ्याला बैलाची खांदेमळणी करतो, स्वतःला मात्र एक दिवस देत नाही. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं, तेवढं तरी शिकावं. ज्यांचा गहू त्या दिवशी 21 दिवसांचा असेल त्यांनी मात्र पुढचा दिवस धरा, मुकुटमुळं फुटताना पाणी चुकवून चालत नाही.

माझी पाळी परवा रात्री आहे. वही सोबत आणलीय.