टायपोसुद्धा लिहून ठेवणारा माणूस

"लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?" हे दर शुक्रवारी ऐकतो. सर्टिफिकेटं गोळा करायला मात्र वेळ असतो!

डोनाल्ड नूथने 'टेक' हे टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर १९७८ मध्ये डीबग करायला घेतलं, तेव्हापासून दहा वर्षं त्यातली प्रत्येक चूक, प्रत्येक बदल वहीत मांडला. १९८९ मध्ये ती यादी चक्क छापली. ८५० हून जास्त नोंदी, १५ प्रकार! अल्गोरिदम फसला, काहीतरी विसरलं, नुसता टायपो... सगळं. एवढा मोठा माणूस, पण लाज नाही वाटली.

आणि आपण? बग काढला, तिकीट बंद, चला घरी. तो मुळात झाला का, हे लिहायला पाच मिनिटं लागतात हो. पुढच्या रिलीजला तोच बग पुन्हा हजर, की मग टेस्टिंगवाल्यांच्या नावाने शंख! तिकिटात 'कारण' असा रकानाही असतो. उघडून बघा, त्यात 'फिक्स्ड' एवढंच लिहिलेलं सापडेल.